वजन रोज करायचं की आठवड्यातून एकदा? आणि आकडा वाचायचा कसा

एक जण सांगतो रोज वजन करू नका, डोक्याला ताप होईल, दुसरा सांगतो रोज नाही केलं तर कधी वाढलं ते कळणारही नाही. दोघंही अर्धवटच सांगतात, कारण आलेल्या आकड्याचं करायचं काय हे कोणीच बोलत नाही. माझं मत सरळ आहे. आकडा बघून अख्खा दिवस खराब होत नसेल तर रोज करा, होत असेल तर आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी. दिवसातून दोनदा मात्र कधीच नको, संध्याकाळचा आकडा जास्तच येतो, दिवसभराचं खाणंपिणं पोटात असतं.

वेळ सकाळची, पोट साफ झाल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी. काटा तोच, कडक आणि सपाट फरशीवर, चटईवर किंवा कार्पेटवर नाही. काही डिजिटल काटे उतरून लगेच परत चढलं की आधीचाच आकडा दाखवतात, त्यामुळे "दोनदा बघितलं, सेम आलं" याला फार अर्थ नसतो.

आकडा मोबाईलमध्ये लिहा आणि कामाला लागा.

आता खरी अवघड गोष्ट. काल ७७.३ होतं आणि आज ७८.६, आणि काल तर नीट खाल्लं होतं! इथेच बहुतेक जण डाएट सोडतात नाहीतर जेवणच सोडतात, आणि मलाही हे पचायला बराच वेळ लागला. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, म्हणजे रात्रीत एक किलो चरबी वाढायला शरीराच्या गरजेच्या वर तेवढं खावं लागेल, जे एका जेवणात होत नाही. मग वाढलं काय? बहुतेक वेळा पाणी. जास्त मीठ खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं. कार्ब्स (भात, पोळी, साखर वगैरे) खाल्ले की ते ग्लायकोजेन म्हणून, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर म्हणून, साठतात आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी सोबत साठतं (डाएटच्या पहिल्या आठवड्यात वजन धडाधड उतरतं तेही बरचसं हेच पाणी, उगाच पार्टी करू नका). नवीन व्यायामाने स्नायू दुखत असतील तरी पाणी, पाळीच्या आधी पाणी, पोट साफ नसेल तर ते वजन वेगळंच. एक-दीड किलो इकडेतिकडे होणं नॉर्मल आहे.

म्हणून एकटा आकडा वाचायचाच नाही, सात दिवसांची सरासरी काढायची. समजा सोमवारपासून ७८.४, ७७.९, ७८.८, ७८.१, ७७.६, ७८.३, ७८.० आले. सरासरी ७८.२. पुढच्या आठवड्यात ७८.१, ७७.५, ७७.३, ७८.६, ७७.९, ७७.४, ७७.६. सरासरी ७७.८. म्हणजे साधारण ४०० ग्रॅम उतरलं, छान चाललंय. आता हाच माणूस फक्त गुरुवारी वजन करत असता तर? ७८.१ वरून ७८.६, म्हणजे अर्धा किलो वाढलं असं समजून बसला असता. आठवड्यातून एकदा करणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवा आणि किमान चार आकडे जमेपर्यंत काहीही ठरवू नका. रोज करणाऱ्यांनीही तीन आठवडे सरासरी हलली नाही तरच खाण्यात बदल करायचा, एका सकाळच्या आकड्यावर जेवण कापायचं नाही म्हणजे नाही.

काटा फॅट टक्के दाखवत असेल तर तो आकडा सोडून द्या, पायातून बारीक करंट सोडून काढलेला अंदाज असतो तो, अंगातल्या पाण्याप्रमाणे बदलतो.

खाण्याशी संबंधित मानसिक आजार असेल किंवा आधी होऊन गेला असेल तर घरी वजन करायचं की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. हार्ट फेल्युअरमुळे डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितलं असेल तर वरचं सरासरीचं गणित तुम्हाला लागू नाही, तिथे दोन-तीन दिवसांत झपकन वाढलेलं वजन म्हणजे अंगात पाणी साठत असू शकतं, लगेच फोन करायचा.

टार्गेट गाठल्यावर आठवड्यातून एकदा पुरे. दोन-तीन आठवडे सलग आकडा वर सरकत राहिला तर परत पंधरा दिवस रोज करा आणि सरासरी बघा.