जर्मनीची ऑफर आणि घराचा खरा हिशोब

जर्मनीतली ऑफर हातात आली की पहिल्यांदा युरोचे रुपये होतात, आणि त्या आकड्यापुढे बाकीचं बोलणंच राहून जातं. नव्याने येणाऱ्यांना मी कळकळीने सांगते: विनिमय दर पैसे घरी पाठवण्यापुरता. घर ज्या देशात चालणार, हिशोब त्याच देशाच्या भावाने करा.

जागतिक बँकेच्या २०१७ च्या तुलनेत बाजारभावाने १ डॉलर ६५.१२ रुपयांना होता. पण अमेरिकेत १ डॉलरला जे मिळतं, ते भारतात सरासरी २०.६५ रुपयांत मिळत होतं. जर्मनीच्या बाबतीतही तफावत याच धर्तीची. ती मुख्यतः माणसाच्या श्रमात असते: पोळ्यांच्या मावशी, प्लंबर, केस कापणं. लॅपटॉप दोन्हीकडे महागच. त्यामुळे सरासरीवर विसंबू नका, स्वतःच्या घरखर्चाची यादी काढा.

ऑफरमधला आकडा ब्रुटो, म्हणजे कापाकापीच्या आधीचा असतो. आरोग्य विमा १४.६ टक्के अधिक जादा वर्गणी, पेन्शन १८.६, बेकारी विमा २.६, यातला साधारण अर्धा वाटा तुमच्या पगारातून जातो. वर शुश्रूषा विमा (आजारपणात-म्हातारपणात लागणाऱ्या देखभालीसाठीचा) आणि आयकर. कापाकापी बघून धसका घेऊ नका. सरकारी विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात, सरकारी शाळेला फी नाही, आणि २०२५ मध्ये प्रत्येक मुलामागे दरमहा २५५ युरो किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, होतं. भारतात शाळेची फी आणि मेडिक्लेमवर तुमचे किती जातात, ते शेजारच्या रकान्यात लिहा.

घरभाड्याच्या जाहिरातीत ठळक दिसतं ते काल्टमीटे, म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. हीटिंग आणि इमारतीचा खर्च धरून वार्ममीटे होतं, वीज बहुधा त्याहून वेगळी. टीव्ही नसला तरी दर घरामागे महिना १८.३६ युरो प्रसारण शुल्क. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्याने आहे, तो जरूर वापरा. बऱ्याच घरांत स्वयंपाकघर म्हणजे रिकामी खोली: भिंतीतून आलेला पाण्याचा पाइप आणि शेगडीसाठी सोडलेली वायर. ओटा, सिंक, कपाटं सगळं आपलं आपण. हा खर्च महिन्याच्या बजेटमध्ये मिसळू नका, वेगळा काढून ठेवा.

सगळ्यात मोठी रक्कम मात्र बहुतेकांच्या हिशोबात येतच नाही. भारतात दोघं कमावत असाल, तर तुलना दोन पगारांची एका पगाराशी आहे. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा राहण्याचा परवाना) असणाऱ्याच्या जोडीदाराला नोकरीची परवानगी मिळते, पण भरपूर नोकऱ्यांना चांगलं जर्मन लागतं. त्यामुळे पहिली दोन वर्षं एकाच पगारावर मांडा आणि महिनाअखेरची शिल्लक दोन्हीकडे काढून बघा. जोडीदाराचा जर्मनचा क्लास भारतात असतानाच सुरू करा. मूल लहान असेल तर किटात (पाळणाघर-बालवाडीत) जागा मिळेपर्यंत इथे वर्गाला जायला सवड होत नाही.