गंजलेलं जहाज काळं का येतं? मिऱ्याच्या किनाऱ्यावरचा उपाय

रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर २०२० च्या निसर्ग वादळात अडकलेल्या 'बसरा स्टार'चे बहुतेक फोटो संध्याकाळचे असतात आणि जहाज त्यात नुसतं काळं दिसतं. किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे मावळता सूर्य जहाजाच्या मागे जातो. सावलीचा भाग नंतर उजळवला की गंजाऐवजी फोटोतले दाणेच (नॉइज) वर येतात. मी वेळच बदलली. सकाळी साडेआठच्या सुमारास ऊन आपल्या पाठीमागून थेट पत्र्यावर पडतं.

पण तेव्हा ओहोटी हवी. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा कोकणातला हिशोब इथे कामी येतो: तृतीयेला सव्वादोनला भरती, म्हणजे साडेआठच्या आसपास ओहोटी.

व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंग जुळवायची सोय) ऑटोवर ठेवला तर कॅमेरा गंजाचा तांबूसपणा मारतो. ५५०० केल्विनवर, म्हणजे दिवसाच्या उन्हाच्या रंगावर, अडकवा. ओल्या पत्र्याची चकाकी पोलरायझर फिल्टरने जाते.

लांब एक्स्पोजर, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेला फोटो, हलतं ते ट्रायपॉडमुळे. लाट परतताना त्याच्या पायांखालची वाळू ओढून नेते. कॅमेरा चढवण्याआधीच पाय दाबून वीतभर रुतवा, दोन-तीन लाटा जाऊ द्या. सहा स्टॉपच्या एनडी फिल्टरने (प्रकाश अडवणारी काळी काच, दर स्टॉपला प्रकाश निम्मा) १/३० सेकंदाचे दोन सेकंद होतात, तेवढे पुरे. तीस सेकंदांत लाटांचं नुसतं धुकं होतं.

जहाजावर मात्र चढू नका, कुजलेला पत्रा वजन घेत नाही.