या चुका टाळा: जीनच्या नावानं बोंब मारण्याआधी ट्यूब बघा

कॅन्डिडा अल्बिकन्स हे माणसात संसर्ग करणारं यीस्ट सिरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) घालून ३७ अंशांना ठेवलं की दोन-तीन तासांत पेशीला शेपटी फुटते. हीच जर्म ट्यूब. पुढं तिचाच हायफा, म्हणजे लांब तंतू होतो. नाही फुटली की आमच्या बेळगावकडची पोरं लगेच म्हणतात, "सर, ईएफजी१ गेलेलं दिसतंय." ईएफजी१ म्हणजे तंतू काढायला लावणारं जीन. ते कुठं जात नाही. धीर जातो.

मागं एका जुलैत खानापूरची एक एमएस्सीची मुलगी चार नमुने घेऊन बसली होती. एकालाही जर्म ट्यूब नाही. कच्च्या प्रतीत 'ईएफजी१ मध्ये बिघाड असावा' हे वाक्यही लिहून तयार. मी काचेची ट्यूब खिडकीकडे धरली. आत ताक! प्लेटवरची पेशींची अख्खी कॉलनी लूपनं (तारेच्या कडीनं) खरवडून घातलेली.

"जास्त घातलं तर जास्त दिसतील की ओ सर."

नाही दिसत. कॅन्डिडाच्या पेशी फार्नेसॉल नावाचं रसायन सोडतात. गर्दी झाली की ते साचतं आणि हायफा व्हायचं थांबतं. २००१ मध्येच छापून आलंय हे. मिलिलिटरमागं १० लाखांच्या वर पेशी गेल्या की मी त्या ट्यूबवर विश्वास ठेवत नाही.

वर आणखी एक घोळ. सिरम फ्रिजमधून काढून थेट वापरलेलं, आणि मधे तासभर लाईट गेलेली. पावसाळ्यातली बेळगावची गार हवा तुम्हाला माहितीच आहे. इनक्युबेटरमधली ट्यूब हाताला गार लागत होती. खालच्या तापमानाला एचएसपी९० हे प्रथिन रास-पीकेए मार्गाला, म्हणजे तंतू काढायचा निरोप पोचवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीला, आवळून धरतं. ऊब मिळाली की पकड सुटते, मग तो मार्ग कामाला लागतो. गार ट्यूबमध्ये जीन धडधाकट असूनही पेशी गप्प बसणार.

दुसऱ्या दिवशी अर्धा मिलिलिटर सिरम आधी वॉटर बाथमध्ये कोमट केलं आणि सुईच्या टोकाला लागेल तेवढीच ताजी कॉलनी घातली, ट्यूब जेमतेम धुरकट दिसेल इतकी. अडीच तासांनी चारही नमुन्यांना शेपट्या. वाक्य तिनंच खोडलं.

शेजारी ओळखीचा, शेपटी हमखास काढणारा अल्बिकन्स लावल्याशिवाय मी कुणाचा निकाल बघत नाही.

शेपटी जिथं पेशीतून निघते तिथं खाच दिसली तर तो स्यूडोहायफा, म्हणजे खोटा तंतू. ट्यूब जेवणाच्या सुट्टीभर विसरलात तर ट्रॉपिकॅलिस ही कॅन्डिडाची दुसरी जातही फसवते. डब्लिनिएन्सिस या तिसऱ्या जातीला खरीच जर्म ट्यूब येते, तेव्हा तेवढ्यावर नाव ठरवू नका.

जीन काढणाऱ्यांसाठी: हे यीस्ट द्विगुणित आहे, म्हणजे प्रत्येक जीनच्या दोन प्रती; एक प्रत काढून 'काही फरक नाही' म्हणू नका. यूआरए३ हे खुणेचं जीन भलत्या जागी बसवलं की ते मंद चालतं आणि आळ येतो काढलेल्या जीनवर. काम झाल्यावर काढून टाकता येणारी एसएटी१ फ्लिपर ही खूण वापरा, कटकट मिटते. बाहेरून जीएफपी (हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जीन) घालताना त्यातला सीयूजी हा तीन अक्षरी कोडॉन तपासा. इथं त्याचं ल्युसीन हे अमिनो आम्ल नाही, सेरीन होतं.

आणि एकाच माध्यमावर निकाल देऊ नका. ईएफजी१ आणि तंतूंशीच संबंधित सीपीएच१ ही दोन्ही जीन काढलेला स्ट्रेन १९९७ मध्ये सिरममध्येही यीस्टच राहिला, उंदरांतही निष्प्रभ ठरला. तोच अगरच्या (जेलीसारख्या माध्यमाच्या) आत पुरला की तंतू काढतो! म्हणून मी सिरम, स्पायडर नावाचं माध्यम आणि पुरलेली प्लेट तिन्ही मागतो. पुरलेल्या प्लेटला काही दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळीच झाकण उघडून "काहीच नाही ओ सर" म्हणणाऱ्याला मी चहा प्यायला पाठवतो.