सोसायटीच्या ग्रुपचे ॲडमिन झालात? या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी सहा वर्षं ॲडमिन आहे. हौस नव्हती. सर्वसाधारण सभेत "कोण घेतंय?" असं विचारल्यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या, मला जरा उशीर झाला, एवढंच.

पहिली चूक पहिल्याच महिन्यात केली. सूचना आणि गप्पा एकाच ग्रुपात ठेवल्या. एका सकाळी सव्वासहाला निरोप टाकला, "टाकी साफ करायची आहे, आठला पाणी बंद." आठपर्यंत तो गुलाबाची फुलं, सुविचार आणि कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाखाली गाडला गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू डोक्याला शाम्पू लावून बसल्या. मी चिडून 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील' ही सेटिंग चालू केली. आठवडाभरात लोकांनी मला वगळून दुसरा ग्रुप काढला आणि कमिटीची खरी धुलाई तिथे सुरू झाली. आता दोन ग्रुप आहेत. सूचनांच्या ग्रुपला कुलूप, कट्टा उघडा.

फॉरवर्डच्या बाबतीत मात्र भीड ठेवू नका. मेसेजवर दुहेरी बाण दिसला की तो बऱ्याच हातांतून फिरून आलेला असतो. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, एवढ्याच अफवेवर. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. आमच्याकडे 'मुलं पळवणारी गाडी' आली की मी ती लगेच डिलीट करतो, विचारणा नंतर.

काही ॲडमिन मात्र याचा अतिरेक करतात. पोलीस आपल्यालाच धरतील या भीतीने ते दिसेल ते पुसत सुटतात. सदस्याने आक्षेपार्ह काही टाकलं म्हणून, त्यात सामील नसलेला ॲडमिन केवळ ॲडमिन असल्यामुळे गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

सगळ्यात महागात पडलेली चूक पार्किंगवरून झाली. रात्री अकरा चाळीसला ३०२ नंबरवाल्यांनी लिहिलं, "काही लोकांना अक्कल नसते." नाव नव्हतं, पण गाडी कुणाची ते सगळ्यांना माहीत होतं. मी ग्रुपवरच उत्तर दिलं, "कृपया भाषा सांभाळा." लगेच उलट सवाल, "मलाच का? परवा सेक्रेटरींनी प्रचाराचा व्हिडिओ टाकला तेव्हा कुठे होतात?"

त्यांचं खरं होतं. सेक्रेटरी माझे संध्याकाळच्या फेरफटक्याचे सोबती. त्यांचा व्हिडिओ मी पाहिला होता आणि न पाहिल्यासारखं केलं होतं. त्या रात्री माझ्या उत्तराला पसंतीचे अंगठे देणारे चार होते, बाकीचे गप्प होते आणि त्या गप्प बसलेल्यांनी तो व्हिडिओ लक्षात ठेवला होता.

सकाळी आधी तो व्हिडिओ काढला. सेक्रेटरी दोन दिवस एकटेच फिरले. २०२२ पासून ॲडमिनला कुणाचाही मेसेज डिलीट करता येतो, पण तिथे ॲडमिनचं नाव उमटतं. म्हणून अफवा सोडल्या तर बटण दाबण्याआधी त्या माणसाला फोन करतो. ३०२ मध्ये तर चहाच प्यायला गेलो. दोघाचौघांनी "काढून टाका हो त्यांना" असा सल्ला दिला होता. ग्रुपमधून काढलं असतं, पण लिफ्टमध्ये रोज भेटणार होतेच की! उलट त्यांनाच दुसरा ॲडमिन केलं.

परवा रात्री पावणेबाराला त्यांचा फोन आला. "तुमच्या मेव्हण्याची गाडी माझ्या जागेत लागलीय. ग्रुपवर टाकलं नाही अजून."

चप्पल न घालताच खाली गेलो.