डॅशबोर्डात टॅब बसवला, शिट्टीचा आवाज कसा घालवला

जुन्या गाडीचा स्टिरिओ गेला म्हणून घरात पडून असलेला ७ इंची टॅब बसवायचं ठरवलं. डबल डिनचा (म्हणजे गाडीच्या मोठ्या स्टिरिओच्या ठराविक मापाचा) खाचा साधारण १७८ बाय १०२ मिमी, टॅब त्याहून लांब, म्हणजे आत जात नाही, पुढे फ्रेमवरच बसवावा लागतो. आधी डबल टेपने चिकटवलेला, मे महिन्याच्या उन्हात दुपारी थेट गिअरवर पडला 😄 मग अॅल्युमिनियमच्या पट्ट्या वाकवून स्क्रूने आवळला.

पॉवरसाठी १२ व्होल्टचे ५ करणारा ३ अँपिअरचा कन्व्हर्टर घेतला आणि स्टिरिओच्या लाल वायरवर जोडला (चावी फिरवली तरच हिच्यात करंट येतो), कारण पिवळीत करंट कायम असतो, तिच्यावर जोडलं तर गाडी बंद असतानाही बॅटरी उतरत राहते. फ्यूज विसरू नका रे.

टॅबला स्पीकर डायरेक्ट लावता येत नाहीत, सीटखाली छोटा अॅम्प्लिफायर टाकला. पण चार्जिंग चालू केलं की स्पीकरमधून कुईंss, आणि अॅक्सिलरेटर दाबला की सूर अजून वर! दोन रविवार वायरी बदलण्यात गेले. शेवटी कळलं ग्राउंड लूप आहे, म्हणजे टॅब आणि अॅम्प्लिफायर दोन वेगळ्या वाटांनी ग्राउंडला जोडले गेलेत आणि त्यातून गाडीच्या विजेची कुरकुर स्पीकरमध्ये येतेय. टॅबमधून अॅम्प्लिफायरला आवाज नेणाऱ्या ऑक्सच्या वायरमध्ये आयसोलेटर (आवाज जाऊ देतो, पण विजेचा थेट जोड तोडतो) टाकला आणि गप्प.

उन्हात पार्क करताना मात्र टॅब काढून नेतो, बॅटरी फुगायची भीती.