लाल दिव्याने खाल्लेली वीज

१० सेंटीमीटरच्या घनाकृती उपग्रहाचा नमुना आम्ही पाच जणांनी फोंड्यातल्या खोलीवर करायला घेतला, तेव्हा संगणक निवडायचं काम माझ्याकडे आलं. लिनक्स ही संगणकप्रणाली येत होती, म्हणून तीवर चालणारा तळहाताएवढा संगणक, रास्पबेरी पाय ४, धरला. तीन आठवडे त्यातच गेले.

मग वीज मोजली. पृथ्वीजवळ सूर्य चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट देतो, म्हणजे उपग्रहाच्या एका बाजूवर साडेतेरा. चांगले सौरघट त्यातले ३० टक्क्यांच्या आसपास पकडतात आणि सगळी बाजू झाकतही नाहीत. हाती दोनेक वॅट. शिवाय ५०० किलोमीटर उंचीवर ९५ मिनिटांच्या फेरीत ३५ मिनिटांपर्यंत सावली. आमचा रास्पबेरी पाय नुसता बसून तीन वॅटच्या घरात खात होता!

म्हणून तो सोडून एमएसपी४३० ही कमी विजेवर चालणारी मायक्रोकंट्रोलर चिप घेतली. झोपेत तिला काही मायक्रोअँपिअर पुरतात. पण मीटर लावला तर आमचा बोर्ड ९ मिलीअँपिअर ओढत होता. चिप झोपली होती. जागे होते ते लाल दिवा आणि स्वस्तातला १११७ रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग. तो स्वतःच ५ मिलीअँपिअर खातो. म्हणून डेटाशीटच्या, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकाच्या, पहिल्या पानावर विसंबू नका, अख्खा बोर्ड मोजा.

मीटरही फसवतो. तो सरासरी दाखवतो. रेडिओ प्रक्षेपण सुरू करताच व्होल्टेज क्षणभर कोसळायचं आणि चिप रिसेट व्हायची. हे कळलं एक ओहमच्या रोधावर ऑसिलोस्कोप, म्हणजे क्षणाक्षणाचा चढउतार दाखवणारं यंत्र, लावल्यावर.

पावसाळ्यात वीज गेली की आई इन्व्हर्टरवर आधी टीव्ही बंद करते, पंखा एकच ठेवते. तसं प्रत्येक भाराला वेगळा स्विच हवाच. किरणोत्सर्गाने चिप लॅच-अपमध्ये गेली, म्हणजे अचानक भरमसाट प्रवाह ओढू लागली, तर तिची वीज तोडून पुन्हा द्यावी लागते. तोच स्विच तिथे उपयोगी पडतो. प्रोग्राम अडकला तर वॉचडॉग, म्हणजे चिप आपोआप रिसेट करणारा टायमर. एफरॅम या वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीचे कप्पे किरणोत्सर्गाला बऱ्यापैकी दाद देत नाहीत, पण साध्या रॅममधले बिट उलटतातच.

पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' जरूर अभ्यासा. जून २०१६ मध्ये पीएसएलव्हीवरून गेलेला तो उपग्रह एक किलोच्या आतला. दिशा राखायला त्यात चुंबक आहेत, त्यांना वीज लागतच नाही. ते वाचून मी आमच्या यादीतले दोन भाग खोडले.