घोड्याचे पाय सुजले तर काय करावे, आणि त्याला कामासाठी कसे तयार करावे

सकाळी तबेल्यात गेल्यावर घोड्याचे मागचे दोन्ही पाय भरलेले दिसले, की पहिला विचार मलमपट्टीचा येतो. तो थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी हात लावून पाहा.

1. पाय चाचपा. गुडघ्यापासून खुरापर्यंत तळहात सावकाश फिरवा. शेजारच्या पायालाही लगेच हात लावा, कारण तुलना केल्याशिवाय उष्णता नीट कळत नाही. सूज दोन्ही पायांना सारखी आहे, थंड आहे, अंगठ्याने दाबल्यावर खड्डा पडतो आणि घोडा पाय झटकत नाही, तर ती बहुधा उभे राहून आलेली सूज असते. घोड्याच्या गुडघ्याखाली मांसल स्नायू जवळपास नाहीतच. हाड, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी) आणि कातडी, एवढेच. तिथले रक्त आणि लसिका (ऊतींमधून परत वाहणारा पातळ द्रव) वर परत जायला पाऊल टेकण्या-उचलण्याची हालचाल लागते. घोडा रात्रभर एकाच जागी उभा राहिला, की पाणी खाली साचते.

2. धोक्याची सूज ओळखा. एकच पाय सुजलेला, गरम, हात लावू न देणारा, घोडा लंगडतोय, किंवा ताप 38.5 अंश सेल्सिअसच्या वर आहे. यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलवा. तोवर त्याला फिरवू नका. कातडीखालचा संसर्ग, खुरात रुतलेला खिळा, कंडरेची इजा, यांतले काहीही असू शकते. नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या, मागच्या बाजूला धनुष्यासारखा फुगवटा आला असेल तर कंडरा दुखावली आहे असेच समजा. चारही पाय सुजले आणि घोड्याने वैरण सोडली, तरी वाट पाहू नका.

3. थंड सूज असेल तर चालवा. हातात दोर धरून 15 ते 20 मिनिटे साध्या चालीने फिरवा. सूज उतरायला लागते. उतरली नाही, तर पशुवैद्यांना विचारा.

पट्टी बांधायचीच असेल तर खाली जाड गादी, सगळीकडे सारखा ताण, आणि साधारण 12 तासांनी सोडून पुन्हा बांधणे. वेडीवाकडी आवळलेली पट्टी कंडरेलाच इजा करते. मला पट्टीपेक्षा मोकळे कुरण जास्त भरवशाचे वाटते. सुट्टीच्या दिवशी चंदी (दाण्याचा खुराक) कमी करा, वैरण मात्र तशीच ठेवा.

4. मग कामाला लावा, पण सावकाश. बऱ्याच दिवसांनी काम सुरू करणाऱ्या घोड्याला पहिले तीन-चार आठवडे फक्त चालवा. 20 मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू तासाभरापर्यंत न्या. नंतर दुडकी (चालीपेक्षा वेगवान, हलकी धाव) आणा, तीही दोन-दोन मिनिटांची, मध्ये चाल. एका वेळी एकच गोष्ट वाढवा: वेळ किंवा वेग. कष्टाच्या दिवसानंतर हलका दिवस ठेवा.

सगळ्यात जास्त घोडे इथेच दुखावतात, म्हणून हे नीट समजून घ्या. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. कंडरांना महिने लागतात, हाडांना त्याहून जास्त. त्यामुळे सहाव्या आठवड्यात घोडा तरतरीत होतो, स्वतःच पुढे झेपावतो, आणि आपण त्याला चौखूर सोडतो. त्याचा दम टिकतो. कंडरा मात्र अजून त्या ओझ्याला तयार नसते.

दम किती वाढला ते नाडीवरून कळते. विश्रांतीत ती मिनिटाला 28 ते 44 असते. काम थांबवल्यावर 10 मिनिटांनी ती 60 च्या आसपास किंवा खाली आली पाहिजे. येत नसेल तर उद्याचे काम कमी करा.

जमीनही पाहा. कडक जमिनीवर सांध्यांना हादरे बसतात, खोल वाळूत कंडरा ताणली जाते.

5. दुसऱ्या दिवशी सकाळी, खोगीर चढवण्याआधी, पुन्हा चारही पायांवरून हात फिरवा आणि काय जाणवले ते वहीत लिहा. काल नव्हती अशी गरम जागा आज लागली, तर ते काम पायाला जास्त झाले. खोगीर परत ठेवा, त्या जागेवर 15-20 मिनिटे गार पाण्याची धार सोडा आणि घोड्याला विश्रांती द्या. दुसऱ्या दिवशीही ऊब राहिली तर पशुवैद्यांना दाखवा.